आई किंवा वडील आत्महत्येने गेल्यावर त्या घराला आर्थिक आधार कसा द्यावा : क्रमवार मार्गदर्शन

अशा घरी मदत पोहोचते, पण बहुतेक वेळा चुकीच्या क्रमाने पोहोचते. तेराव्यापर्यंत पाकिटे येतात, डबे येतात, माणसे येतात. आणि चौथ्या महिन्यात शाळेची फी, घरभाडे आणि थकलेले हप्ते एकदम समोर उभे राहतात तेव्हा फोन उचलणारेही कमी झालेले असतात. दुसरी चूक याहून महाग पडते. ‘आत्महत्या आहे, म्हणजे विमा मिळणार नाही’ असे कोणीतरी स्मशानातच बोलून जाते, घरातली माणसे ते खरे धरतात आणि हक्काचे पैसे मागितलेच जात नाहीत. पुण्यातील काही कुटुंबांची कागदपत्रे सांभाळताना या दोन्ही चुका मी पुन्हा पुन्हा पाहिल्या आहेत, म्हणून हा क्रम लिहून काढत आहे. तो जवळच्या नातेवाइकांसाठी, मित्रांसाठी, शेजाऱ्यांसाठी आणि सहकाऱ्यांसाठी आहे.

टप्पा १ : जबाबदारी कोणाची, हे आधी ठरवा

दहा जण थोडे थोडे करू लागले की एकही काम पूर्ण होत नाही. एकाच व्यक्तीने कागदपत्रांची आणि दुसऱ्या एकाच व्यक्तीने जमणाऱ्या पैशांची जबाबदारी घ्यावी. मागे राहिलेल्या आई किंवा वडिलांना हे स्पष्ट शब्दांत विचारावे. ‘वहिनी, कागद मी सांभाळतो, धावपळ मी करतो, पण सही तुमचीच राहील आणि प्रत्येक कागद मी तुम्हाला वाचून दाखवीन,’ असे एक वाक्य पुरते. होकार मिळाल्याशिवाय कपाट उघडू नये.

एक जाड वही आणि एक फाइल घ्यावी. वहीत तारीख, कोणाशी बोललो, काय ठरले आणि कोणता कागद दिला, एवढे रोज लिहावे. पुढे विमा कंपनी, बँक आणि भविष्य निर्वाह निधी कार्यालय तेच प्रश्न वेगवेगळ्या तारखांना विचारतात, तेव्हा ही वही स्मरणशक्तीपेक्षा जास्त उपयोगी पडते.

टप्पा २ : पहिले पंधरा दिवस

या काळात मोठी रक्कम लागत नाही. हातात रोख लागते. प्रवास, विधी, औषधे, वाणसामान आणि मुलांचा रोजचा खर्च यासाठी जवळच्या दोघा-तिघांनी मिळून रक्कम द्यावी आणि ती परत मागायची नाही हे आपसात ठरवावे. विधींवर किती खर्च करायचा याबाबत घरातल्यांवर दडपण येत असेल, तर जबाबदारी घेतलेल्या व्यक्तीनेच पुढे होऊन तो कमी करावा. शोकात असलेल्या माणसाला ‘नको’ म्हणणे जमत नाही.

सावधान : गेलेल्या व्यक्तीच्या एटीएम कार्डाने किंवा यूपीआयने पैसे काढू नका. पिन माहीत असला, घरात पैसे नसले आणि हेतू स्वच्छ असला, तरी मृत्यूनंतर त्या खात्यावर हक्क वारसांचा असतो, आणि असा व्यवहार पुढे बँकेत आणि भावकीत दोन्हीकडे अडचणीचा ठरतो. संयुक्त खाते असेल, तर ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेली व्यक्ती’ अशा अटीवर ते चालवता येते.

सावधान : त्यांचे सिमकार्ड बंद करू नका. रिचार्ज चालू ठेवा. कोणत्या कर्जाचा हप्ता कोणत्या तारखेला आहे आणि कोणत्या पॉलिसीचा हप्ता थकला आहे, हे त्या क्रमांकावर येणाऱ्या संदेशांतूनच पहिल्यांदा कळते. फोन पोलिसांनी ताब्यात घेतला असेल, तर तो परत मिळवण्यासाठी अर्ज कसा करायचा, ते तपास अधिकाऱ्यांना विचारून घ्या.

टप्पा ३ : पोलीस आणि मृत्यूची कागदपत्रे

आत्महत्येची नोंद पोलीस ठाण्यात अकस्मात मृत्यू, म्हणजेच बोलीत ज्याला ‘ए.डी.’ म्हणतात, अशी होते. पूर्वी ती फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ खाली होत असे. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली होते. पंचनामा होतो आणि शवविच्छेदन ससून किंवा पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयासारख्या शासकीय अथवा महापालिकेच्या रुग्णालयात होते. खालील कागद मिळवायचे आहेत आणि त्यातला प्रत्येक कागद पुढे कुठे ना कुठे मागितला जातो :

१. अकस्मात मृत्यूच्या खबरीची प्रत
२. मरणोत्तर पंचनाम्याची प्रत
३. शवविच्छेदन अहवाल
४. व्हिसेरा, म्हणजे शरीरातील अवयवांचे नमुने, राखून ठेवला असल्यास रासायनिक विश्लेषणाचा अहवाल
५. पोलिसांचा अंतिम अहवाल
६. महापालिकेचा मृत्यू दाखला, किमान दहा प्रतींत

चौथा आणि पाचवा कागद महिनोन्‌महिने येत नाही. त्याची वाट पाहत विम्याचा दावा थांबवून ठेवणे ही सर्वांत नेहमीची चूक आहे. दाव्याची लेखी सूचना लगेच द्यावी आणि ‘हे अहवाल प्रलंबित आहेत, मिळताच सादर करू’ असे त्यात नमूद करावे.

मृत्यू दाखल्याबद्दल एक गोष्ट घरातल्यांना आवर्जून सांगा, कारण ती कळली की अनेकांच्या मनावरचे ओझे उतरते. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ नुसार, दिल्या जाणाऱ्या मृत्यू दाखल्यावर मृत्यूचे कारण लिहिले जात नाही. शाळेत, गॅस एजन्सीत, सोसायटीत किंवा वीज जोडणीचे नाव बदलताना हा दाखला पुरतो आणि कारण सांगण्याची गरज पडत नाही. पंचनामा आणि शवविच्छेदन अहवाल फक्त विमा कंपनीने किंवा अन्य कार्यालयाने लेखी मागितला तरच द्यावा.

तपासा : दाखल्यावरील नावाचे स्पेलिंग आधार, पॅन आणि बँक पासबुकाशी जुळते का? वडिलांचे मधले नाव एका ठिकाणी पूर्ण आणि दुसऱ्या ठिकाणी आद्याक्षराने असेल, तर ते प्रती काढण्याआधी दुरुस्त करून घ्या.

टप्पा ४ : काय काय आहे, याचा शोध

कुटुंबातील दुसऱ्या व्यक्तीला सगळे माहीत असेल असे गृहीत धरू नका. जी व्यक्ती स्वतःचे जीवन संपवण्यापर्यंत पोहोचली, तिने पैशांचे व्यवहारही बरेचदा कोणालाच सांगितलेले नसतात. सर्व बँक खात्यांची मागील तीन वर्षांची विवरणपत्रे मागवा आणि ओळ अन्‌ ओळ वाचा.

दरवर्षी मेच्या अखेरीस ४३६ रुपयांची वजावट दिसली, तर ती प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना आहे आणि तिचे संरक्षण २ लाख रुपयांचे आहे. ही योजना कोणत्याही कारणाने झालेल्या मृत्यूला लागू आहे आणि त्यात आत्महत्याही येते. अट एवढीच की योजनेत पहिल्यांदा सामील होऊन ३० दिवस उलटलेले असावेत. त्याच सुमारास २० रुपयांची वजावट दिसली, तर ती प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना. ती अपघातासाठी आहे आणि तिच्यात आत्महत्या येत नाही. या दोन्ही योजनांची गल्लत शाखेतले कर्मचारीही करतात. धनकवडीतील एका घरी बँकेने ‘तुमच्या योजनेत हे बसत नाही’ असे तोंडी सांगून पाठवले होते. पासबुकात ४३६ रुपयांची नोंद दाखवल्यावर अर्ज घेतला गेला. म्हणून नकार नेहमी लेखी मागावा.

आई गेली असेल, तर हा टप्पा अनेक घरांत गाळलाच जातो, कारण ‘तिच्या नावावर काय असणार’ असे समजले जाते. तिच्या जनधन खात्याला जोडलेली योजना, बचत गटातील शिल्लक, भिशी, सोनेतारणाची पावती, पतसंस्थेतील दैनंदिन ठेव, हे सगळे तिच्याही नावावर असते. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या मुलांनाही हे शोधून देणे आपले काम आहे.

टप्पा ५ : आयुर्विम्याचा दावा

नियम असा आहे. पॉलिसी सुरू झाल्यापासून, किंवा बंद पडलेली पॉलिसी पुन्हा चालू केल्यापासून, १२ महिन्यांच्या आत आत्महत्या झाली, तर साध्या पॉलिसीत पूर्ण विमा रक्कम मिळत नाही; पण तोवर भरलेल्या एकूण हप्त्यांच्या किमान ८० टक्के रक्कम किंवा समर्पण मूल्य (पॉलिसी मध्येच सोडल्यास मिळणारी रक्कम), यांपैकी जे जास्त असेल ते नॉमिनीला मिळते. बाजाराशी जोडलेल्या युलिप पॉलिसीत त्या वेळचे निधी मूल्य मिळते. १२ महिने पूर्ण झाले असतील आणि पॉलिसी चालू असेल, तर आत्महत्या या कारणावरून दावा नाकारता येत नाही आणि पूर्ण रक्कम देय असते. पहिल्या वर्षातही काहीच मिळत नाही, ही समजूत चुकीची आहे.

यात एक बारीक जागा आहे. पॉलिसी दहा वर्षे जुनी असली, तरी ती मध्ये बंद पडून सहा महिन्यांपूर्वीच पुनरुज्जीवित केलेली असेल, तर १२ महिने पुन्हा मोजले जातात. उलट, हप्ता थकलेला दिसला म्हणून पॉलिसी संपली असेही नाही. मासिक हप्त्यासाठी १५ आणि इतरांसाठी ३० दिवसांची सवलत मुदत असते, आणि त्या मुदतीतील मृत्यूला संरक्षण असते. त्यानंतरही काही वर्षांचे हप्ते भरलेले असतील, तर पारंपरिक पॉलिसीत कमी झालेली, म्हणजे ‘पेड-अप’, रक्कम मिळू शकते.

पॉलिसी तीन वर्षांच्या आतली असेल, तर कंपनी चौकशी करते आणि तपासनीस घरी येतो. तो आजाराबद्दल, व्यसनाबद्दल, मानसोपचाराबद्दल विचारतो. त्या वेळी घरातली व्यक्ती एकटी नसावी, उत्तरे खरी असावीत आणि जेवढे विचारले तेवढीच असावीत. कोऱ्या किंवा न वाचलेल्या जबाबावर सही करू नये. विमा अधिनियमाच्या कलम ४५ नुसार तीन वर्षे उलटल्यानंतर माहिती लपवल्याच्या कारणावरूनही पॉलिसीला आव्हान देता येत नाही.

दावा नाकारला गेला, तर आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्यावी. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा आलेले पटले नाही, तर एका वर्षाच्या आत विमा लोकपालांकडे जाता येते. त्यांचे कार्यालय पुण्यातच आहे, शुल्क नाही आणि वकील लागत नाही.

टप्पा ६ : नोकरीतून मिळणारे पैसे

हिंजवडीतली कंपनी असो वा भोसरी-चाकणमधला कारखाना, भविष्य निर्वाह निधी कापला जात असेल तर चार गोष्टी मागायच्या : निधीची शिल्लक, निधीशी जोडलेला ईडीएलआय हा जीवन विमा, कुटुंब निवृत्तिवेतन आणि ग्रॅच्युइटी. ईडीएलआयमध्ये नोकरीत असताना झालेल्या मृत्यूचे कारण पाहिले जात नाही आणि कमाल रक्कम ७ लाख रुपये आहे. निवृत्तिवेतनासाठी एका महिन्याची वर्गणी जमा असली तरी पुरते. पत्नीला किंवा पतीला निवृत्तिवेतन आणि त्याच्या २५ टक्के प्रत्येकी, एका वेळी दोन मुलांना वयाच्या २५ वर्षांपर्यंत मिळते. ग्रॅच्युइटीसाठी असलेली पाच वर्षांच्या सेवेची अट मृत्यूच्या बाबतीत लागू नाही, आणि हे अनेक छोट्या आस्थापनांत मुद्दाम सांगावे लागते. कंपनीचा स्वतःचा गट विमा आहे का, हे वेगळे विचारावे.

तपासा : निधीचे नामनिर्देशन लग्नाआधीचे आहे का? लग्नापूर्वी आईच्या नावाने केलेले नामनिर्देशन लग्नानंतर रद्दच समजले जाते. यावरून सासू-सुनेत वाद होण्याआधी हा नियम दोघींनाही शांतपणे सांगावा. त्याच वेळी हेही सांगावे की हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार मुलाच्या इतर मालमत्तेत पत्नी आणि मुलांच्या बरोबरीने आईचाही वाटा असतो.

टप्पा ७ : कर्जे

आत्महत्येमागे कर्ज असेल, तर लाजेपोटी सगळ्यात आधी तेच फेडण्याकडे घरातल्यांचा कल असतो. ‘त्यांच्या नावावर कोणाचा पैसा राहायला नको’ ही भावना मी समजू शकतो, पण विम्याचे पहिले पैसे तिथे जाणे म्हणजे मुलांचे पुढचे वर्ष तिथे जाणे होय. म्हणून आधी यादी, मग कागद, मग निर्णय.

१. प्रत्येक कर्जापुढे लिहा : सहकर्जदार कोण, जामीनदार कोण, तारण काय आणि कर्जासोबत विमा काढला होता का. गृहकर्ज आणि सूक्ष्म वित्त संस्थांची गटकर्जे यांना बरेचदा विमा जोडलेला असतो. तो मागितल्याशिवाय कोणी सांगत नाही.

२. सहकर्जदार आणि जामीनदार यांची जबाबदारी चालूच राहते. अशा कर्जांचे आणि घर किंवा सोने तारण असलेल्या कर्जांचे हप्ते आधी सांभाळा. बँकेला लेखी कळवून मुदत मागा.

३. केवळ गेलेल्या व्यक्तीच्या नावावरचे, विनातारण वैयक्तिक कर्ज किंवा क्रेडिट कार्डाचे देणे असेल, तर वारसाची जबाबदारी त्या व्यक्तीकडून वारशाने मिळालेल्या मालमत्तेपुरतीच असते. पत्नीने स्वतःच्या पगारातून किंवा माहेरच्या दागिन्यांतून ते फेडावे असे कायदा सांगत नाही. नॉमिनीला मिळणारी भविष्य निर्वाह निधीची रक्कम तर मृताच्या कर्जापासून कायद्यानेच मुक्त आहे.

४. तोंडी उसनवारी सांगत येणाऱ्यांचे नाव, रक्कम, तारीख आणि पुरावा वहीत लिहून घ्या. ‘लिहून घेतले आहे, सहा महिन्यांनी बोलू’ यापुढे कोणतेही वचन देऊ नका.

सावधान : वसुली करणाऱ्याने पुढे केलेल्या नव्या करारावर, हमीपत्रावर किंवा धनादेशावर सही करू नका. जे कर्ज तुमचे नव्हते, ते त्या सहीने तुमचे होऊ शकते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार सकाळी ८ पूर्वी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीसाठी फोन करता येत नाहीत. विनापरवाना सावकार असेल, तर महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ खाली सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे तक्रार करा आणि धमकी असेल तर पोलिसांकडे.

सावधान : हे फोन मागे राहिलेल्या व्यक्तीने एकटीने झेलू नयेत. पहिले काही महिने तो क्रमांक दुसऱ्या कोणीतरी सांभाळावा. घरात कोणी ‘आता मीही नको’ असे बोलले, अगदी सहज बोलले, तरी ते गंभीरपणे घ्या, त्या व्यक्तीला एकटे ठेवू नका आणि टेलिमानस या शासकीय मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या विनामूल्य क्रमांकावर त्याच दिवशी बोला. कागदांचे काम दुसऱ्या दिवशीही होते.

सावधान : पहिल्या वर्षात कोणत्याही हक्कसोडपत्रावर सही नको. अल्पवयीन मुलांचा स्थावर मालमत्तेतील हिस्सा विकायला न्यायालयाची परवानगी लागते. शंका असल्यास शिवाजीनगर न्यायालयातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रिया आणि मुले यांना उत्पन्नाची अट न लावता तिथे मोफत वकील मिळतो.

टप्पा ८ : शासकीय योजना

आधी उत्पन्नाचा नवा दाखला काढा. गेलेल्या व्यक्तीचा पगार धरलेला जुना दाखला जोडल्यामुळे अर्ज बाद होणे हे नेहमीचेच आहे. त्यानंतर बालसंगोपन योजनेचा अर्ज जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात द्यावा. एक पालक गमावलेल्या पात्र मुलांना १८ वर्षांपर्यंत दरमहा २,२५० रुपये मिळतात, आणि वडील मागे राहिले असले तरी हा अर्ज करता येतो. अत्यल्प उत्पन्न असलेल्या विधवांसाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना दरमहा १,५०० रुपये देते. तिचा अर्ज तहसील कार्यालयात होतो. जिल्ह्यातील शेतकरी कुटुंब असेल, तर शेतकरी आत्महत्येच्या पात्र प्रकरणांत १ लाख रुपयांची मदत आहे : ३० हजार थेट आणि ७० हजार ठेवीच्या रूपात. त्यासाठी तलाठ्यांकडे लगेच नोंद करावी.

टप्पा ९ : वर्षभराचा मासिक आधार

मित्रमंडळींनी एकदाच दोन लाख गोळा करण्यापेक्षा दहा जणांनी दरमहा दोन-दोन हजार बारा महिने देणे त्या घराला जास्त उपयोगी पडते. प्रत्येकाने बँकेत स्थायी सूचना द्यावी, म्हणजे आठवण करण्याचा संकोच उरत नाही. पैसे मागे राहिलेल्या आई किंवा वडिलांच्या स्वतःच्या खात्यातच जावेत; दिराच्या, मेहुण्याच्या किंवा मंडळाच्या खात्यात नव्हे. घरभाडे आणि शाळेची फी थेट भरली तरी चालते, मात्र घरातल्यांना विचारूनच.

मदतीचे आवाहन व्हॉट्सॲपवर पाठवायचे असेल, तर मृत्यूचे कारण, मुलांचे फोटो आणि शाळेचे नाव त्यात नको. ‘एका सहकाऱ्याचे आकस्मिक निधन झाले आहे’ एवढे पुरे. तो संदेश मुलांच्या वर्गातल्या पालकांपर्यंत एका तासात पोहोचतो, हे पाठवण्याआधी ध्यानात घ्यावे.

तपासा : प्राप्तिकर कायद्यानुसार नात्याबाहेरच्या व्यक्तींकडून एका आर्थिक वर्षात मिळालेली एकूण रक्कम ५०,००० रुपयांपेक्षा जास्त झाली, तर ती सगळीच उत्पन्नात मोजली जाते. एकूण उत्पन्न मर्यादेत असल्यास कर लागत नाही, पण देणाऱ्यांची यादी ठेवावी आणि विवरणपत्र भरताना सनदी लेखापालांना दाखवावी.

टप्पा १० : मोठी रक्कम आल्यावर

विम्याचे पैसे जमा झाले की तीन प्रकारची माणसे येतात : नवी पॉलिसी विकणारे, प्लॉट दाखवणारे आणि उसने मागणारे. सहा महिने कोणालाही काही द्यायचे नाही, असे आधीच ठरवून ठेवावे. रक्कम मुदत ठेवींत ठेवावी, आणि एका बँकेत व्याजासह ५ लाखांपेक्षा जास्त ठेवू नये, कारण ठेव विम्याचे संरक्षण तेवढ्याच रकमेला आहे. सहकारी बँका बुडताना पाहिलेल्या पुणेकरांना हे वेगळे सांगायला नको. एक वर्षाचा घरखर्च वेगळा काढावा, मग मुलांच्या पुढच्या दोन वर्षांच्या फीची ठेव शाळेच्या तारखांना मुदत संपेल अशी करावी, आणि उरलेल्या रकमेचा विचार नंतर करावा.

बारावा महिना संपत आला की वही घेऊन पुन्हा त्या घरी बसावे. कोणता दावा अजून अडकला आहे, निवृत्तिवेतन खात्यात नियमित येते का, बालसंगोपनाचे पैसे थांबले आहेत का आणि दहा जणांपैकी किती जण पुढचे सहा महिने देऊ शकतात, हे चार प्रश्न त्या दिवशी विचारून उत्तरे लिहून घ्यावीत.